मापाचा गाव आणि शुक्रवारचा बाजार

म्हापसे या गावाचे नाव 'माप' या शब्दावरून पडले, असे गोव्यातील लोक परंपरेने सांगत आले आहेत. जेथे माप भरले जाते ते म्हापसे. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला हे उतरो वा न उतरो, गावाच्या स्वभावाला ते तंतोतंत उतरते. बार्देश तालुक्याचे हे मुख्य ठिकाण पणजीच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर आहे आणि तेथे दर शुक्रवारी भरणारा बाजार सबंध गोव्यात प्रसिद्ध आहे. शुक्रवारी पहाट फुटता फुटता पेडणे, डिचोली, सत्तरी आणि बार्देशातील लहानमोठ्या गावांतून माणसे म्हापशाकडे वळतात. सावंतवाडी-दोडामार्गाकडील मंडळी येतात, घाटावरचे भाजीवालेही येतात. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेलाही पाय ठेवण्यास जागा उरत नाही.

बाजार दोन प्रकारचे असतात. एक व्यापाऱ्याचा. तेथे माल एकाने पिकवलेला, दुसऱ्याने वाहिलेला, तिसऱ्याने साठवलेला आणि चौथ्याने विकलेला असतो. दुसरा बाजार घरच्या हातांचा. त्यात विकणारी व्यक्ती आणि ती वस्तू निर्माण करणारी व्यक्ती बहुधा एकच असते, निदान एकाच घरातली तरी असते. म्हापशाच्या शुक्रवारात हे दोन्ही बाजार शेजारी शेजारी बसतात. पण त्याला जी कीर्ती मिळाली ती दुसऱ्या प्रकारामुळे. गोणपाटावर दहा-बारा नारळ, चार बाटल्या शिरका, केळीचे दोन घड आणि मिरचीची एक रास मांडून बसलेली बाई ही त्या मालाची कर्ती असते, वाहणारी असते आणि हिशेबनीसही तीच असते. आजच्या भाषेत तिला लघुउद्योजक म्हणतील. हा शब्द तयार होण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा उद्योग चालू होता.

या ठिकाणी असा बाजार का वाढला, हे समजण्यासाठी नकाशाकडे पाहावे लागते. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे प्रांत पुढे 'जुन्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पोर्तुगीज सत्तेखाली आले. त्या 'नव्या काबिजादी' होत. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे शापोरा नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे, अशी स्थिती होती. एकीकडे चर्चचे घंटानाद, दुसरीकडे देवळांचे चौघडे. म्हापसे नेमके या दोन मुलखांच्या सांध्यावर वसलेले आहे. किनाऱ्याकडचे मीठ, मासळी आणि नारळ येथे येत, डोंगराकडचे धान्य, मडकी, बांबूच्या टोपल्या आणि लाकूडफाटा येथेच उतरे. ज्याच्याकडे जे नव्हते ते दुसऱ्याकडे होते, आणि दोघांनाही एकमेकांची गरज होती.

ही गरज केवळ पोटाची नव्हती. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर सोळाव्या दिवशी होते. लोककथेप्रमाणे ही सायबीण म्हणजे डिचोलीतील शिरगावच्या लईराई देवीची बहीण. त्या श्रद्धेपोटी दोन्ही स्थानांमध्ये तेल आणि फुले यांची देवाणघेवाण होत आली आहे, आणि फेस्ताच्या दिवशी हिंदू भाविकही सायबिणीला तेल वाहतात. फेस्ताभोवती जत्रा आणि जत्रेभोवती बाजार, हा क्रम आपल्याकडे सर्वत्र आढळतो. म्हापशाच्या बाबतीत विशेष एवढाच की, हे फेस्त येते ते ऐन उन्हाळ्यात, म्हणजे गोव्यातील प्रत्येक गृहिणी पावसाळ्याच्या बेगमीची चिंता करू लागते त्याच वेळी.

या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे तरतूद, या शब्दाचे हे देशी रूप. मात्र शब्द परका असला तरी वस्तुस्थिती परकी नव्हे. गोव्यात पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि चार महिने मुक्काम करतो. पूर्वी या काळात नद्यांना पूर येत, तरी बंद पडत, समुद्र खवळल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत. घाटवाटा निसरड्या झाल्या की बैलांचे तांडे थांबत. तेव्हा मे महिना संपण्यापूर्वी जे घरात आले तेच सप्टेंबरपर्यंत पुरवावयाचे, हा नियम गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच लागू होता. उकडे तांदूळ, मीठ, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोले, गूळ, कांदे, नारळ, शिरका, लोणची आणि जळाऊ लाकूड, ही यादी प्रत्येक घराला पाठ असे. म्हापशात मिलाग्रीसच्या फेस्ताला आणि मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताची मोठी खरेदी होई. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे वर्षभर चालणारा पुरुमेंताचाच लहान अवतार होय.

आता या यादीतील एकेक जिन्नस कसा तयार होतो ते पाहिले, म्हणजे या बाजारामागे केवढे श्रम आणि केवढे ज्ञान उभे आहे याची कल्पना येते. प्रथम मीठ. खाडीकाठच्या खाजण जमिनीत बांध घालून आगरे केलेली असतात. पावसाचे पाणी ओसरल्यावर ती साफ करावयाची, तळाची चिकणमाती तुडवून घट्ट करावयाची, भरतीचे पाणी 'मानस' नावाच्या दारातून आत घ्यावयाचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवीत उन्हाने दाट होऊ द्यावयाचे. साधारण फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत मीठ धरते. अवकाळी एक सर आली तरी अनेक दिवसांचे काम पाण्यात जाते. हे मीठ किंचित मातकट रंगाचे असते. मासळी खारवण्यासाठी आणि लोणच्यासाठी जाणत्या गृहिणी तेच पसंत करतात.

दुसरा जिन्नस माडाचा. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला दिवसातून तीन वेळा झाडावर चढावे लागते. सकाळ-संध्याकाळ सूर उतरविण्यासाठी, आणि दुपारी पोय तासण्यासाठी. त्याच सुरेची तीन रूपे होतात. ताजी असताना आटवली तर माडाचा गूळ, आंबू दिली तर शिरका, आणि भट्टीवर चढवली तर माडाची फेणी. रेंदेर झाडावर चढतो, पण गूळ आटविणे, शिरक्याच्या बरण्या सांभाळणे आणि ते बाजारात नेऊन विकणे ही कामे बहुतेक घरांत बायकांकडेच असत. एका झाडावर एक कुटुंब दोन धंदे करी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काजूचे झाड ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आणले. मिरचीही अमेरिकेतूनच आली. या दोन परक्या पाहुण्यांशिवाय आज म्हापशाच्या बाजाराची कल्पना करवत नाही. मार्च ते मे या काळात डोंगरउतारावर काजूची बोंडे गोळा होतात. ती तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर घालतात. पहिल्या धारेचा हुर्राक, आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. पोर्तुगीजांचाच 'शोरिसु' हा मांसाचा प्रकार गोव्यात आला तेव्हा त्याला येथील माडाचा शिरका आणि येथील तिखट मिरची मिळाली. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ, लसूण, मसाला व शिरका यांत मुरवून आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारून माळा करतात आणि उन्हात वाळवितात. पावसाळ्यात मासळी नसताना या माळेतील दोन गाठी भाताला पुरतात. ज्या प्रदेशात चार महिने उन्हाचा भरवसा नाही, तेथे माणसांनी ऊन, मीठ आणि आंबट या तिघांच्या साहाय्याने अन्न टिकविण्याचे शास्त्रच उभे केले. त्याला ना प्रयोगशाळा होती, ना पाठ्यपुस्तक. सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे ते जात राहिले.

याखेरीज हरमलची मिरची, मयड्याची मोठी केळी, आगशीची वांगी, डिचोलीच्या कुंभारांची मडकी, फेस्त-जत्रेतील गूळ-आल्याचे खाजे, अशी गावाच्या नावाने ओळखली जाणारी कितीतरी वस्तू येथे मिळतात. या नावांत एक व्यवहारधर्म दडलेला आहे. घरगुती मालावर छापील चिठ्ठी नसते, कारखान्याची मोहर नसते. गावाचे नाव हीच त्याची मोहर, आणि विकणाऱ्या बाईचा चेहरा ही त्याची हमी. आज खवट गूळ विकला, तर पुढच्या शुक्रवारी तेच गिऱ्हाईक त्याच जागी येऊन उभे राहणार, हे ती जाणून असते. आठवडी बाजाराचा न्याय हा असा सात दिवसांच्या मुदतीचा असतो, आणि म्हणूनच तो प्रभावी असतो.

या बाजाराचे अर्थशास्त्रही लक्षात घेण्याजोगे आहे. सकाळी जी विक्रेती असते तीच दुपारी गिऱ्हाईक होते. नारळ आणि शिरका विकून आलेल्या पैशातून ती मीठ, कांदे आणि मुलांच्या अंगावरचे कापड घेऊन परतते. पैसा बाजाराबाहेर जात नाही, तो एका गोणपाटावरून दुसऱ्या गोणपाटावर फिरतो. शिवाय शेताचे उत्पन्न आणि मुंबईला किंवा बोटीवर नोकरीस गेलेल्या पुरुषाची मनिऑर्डर, यांखेरीज घरात येणारा हा तिसरा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हातातला असे. तो थोडा असला तरी तिचा होता. अशा थोड्या पैशावर कितीतरी घरांनी वाईट वर्षे निभावून नेली आहेत.

तथापि, हा उद्योग केवळ ऊन-पावसावर अवलंबून राहिला नाही, राजसत्तेच्या लहरीही त्याला सोसाव्या लागल्या. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. त्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकातीच्या भिंती पाडल्या आणि मुरगावहून घाटावर जाणाऱ्या रेल्वेचा मार्ग मोकळा केला. वरकरणी तो प्रगतीचा करार दिसत होता. परंतु त्याची किंमत मिठागरांनी आणि माडांनी मोजली. मिठाचे उत्पादन व विक्री ब्रिटिश सरकारच्या नियंत्रणाखाली गेली, मद्यावरील अबकारी ब्रिटिश मुलखाच्या धर्तीवर आली, आणि या सवलतींच्या मोबदल्यात गोव्याच्या सरकारला दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. खजिन्याची भरपाई झाली, मात्र आगरातल्या मजुराची आणि माडावरच्या रेंदेराची भरपाई करण्याचे कलम तहात नव्हते. जो माणूस आपल्या आगरातले मीठ आजवर टोपलीने बाजारात नेत होता, त्याला आता त्याच मिठासाठी सरकारी अंमलदाराच्या तोंडाकडे पाहावे लागले. अनेक मिठागरे ओस पडली. हा तह १८९२ च्या जानेवारीत मुदत संपून रद्द झाला. पण बारा वर्षे मोडून पडलेला धंदा तहनामा फाटल्याबरोबर उभा राहत नसतो. गोव्यातून मुंबईकडे जाणाऱ्या माणसांचा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. त्याची कारणे अनेक होती, पण घरच्या उद्योगाला बसलेला हा फटका त्यांतून वगळता येणार नाही.

दुसरी परीक्षा आली ती गोवामुक्तीच्या लढ्याच्या काळात. भारत सरकारने १९५४ पासून गोव्यावर आर्थिक निर्बंध लादण्यास प्रारंभ केला आणि १९५५ मध्ये रेल्वे वाहतूकही थांबली. बेळगावकडून येणारी भाजी, कांदे आणि धान्य यांची वाट अडली. पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून आणविला. खनिज लोहाच्या निर्यातीमुळे त्या खरेदीला पैसाही होता. परंतु माडाचा शिरका, आगराचे मीठ, अंगणात वाळवलेली मिरची आणि सोले यांना ना बोटीची गरज होती, ना परवान्याची. पुरुमेंताची सवय ज्या घरात होती त्या घराला टंचाईचे भय कमी वाटणे स्वाभाविक होते. निसर्गाच्या नाकेबंदीसाठी शिकलेली विद्या राजकारणाच्या नाकेबंदीतही उपयोगी पडावी, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

त्याच काळात बाजारातील बायांवर आणखी एक संकट आले, ते नाण्यांचे. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब रुपया आणि टांग यांत चाले. सोळा टांगांचा एक रुपया. १९५८ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याऐवजी एस्कुदो आणला, आणि एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरविला. तो अंगवळणी पडतो न पडतो तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि भारतीय रुपया व त्याचे नवे पैसे आले. पाच वर्षांच्या आत तीन चलने. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी ही तिन्ही गणिते बोटांच्या पेरांवर सोडविली, आणि शुक्रवारचा बाजार चालू राहिला.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० च्या सुमारास, म्हापशाला नवे आखीव मार्केट बांधण्यात आले. फळे, भाजी, मासळी, कापड, मडकी यांना त्यात वेगवेगळ्या ओळी मिळाल्या. मुक्तीनंतर रस्ते झाले, पूल झाले, वीज आली. पावसाळ्यात गाव तुटण्याचे दिवस गेले. बेळगावचा भाजीपाला बारमाही येऊ लागला, घरोघरी शीतपेटी आली. यंत्राच्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी आजही असते, तरी चार महिने उपाशी राहण्याची भीती कोणालाच उरलेली नाही. त्यामुळे पुरुमेंत ही आता गरजेपेक्षा रूढी अधिक झाली आहे. मिठागरे कमी झाली, माडावर चढणारे हात कमी झाले. त्या हातांच्या मुलांनी शिकून दुसरे व्यवसाय धरले, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दिवसातून तीन वेळा माडावर चढण्याचे कष्ट ज्याने केले नाहीत, त्याने परंपरा बुडाल्याचे दुःख जरा बेतानेच करावे.

मात्र बाजार संपलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत जेव्हा बाजार बंद झाले आणि घाटावरच्या गाड्या अडल्या, तेव्हा घरातील बरणीचे महत्त्व पुन्हा एकदा लोकांना उमगले. स्त्रियांचे बचतगट लोणची, पापड आणि मसाले करून विकू लागले आहेत. सरकारदरबारीही या वस्तूंची दखल घेतली गेली. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानंतरच्या वर्षांत काणकोणातील खोला गावची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजे यांना, आणि २०२३ मध्ये बेबिंक या पक्वान्नाला तो मान लाभला. याचा अर्थ असा की, गावाचे नाव ही जी मोहर बाजारातील बाया शतकानुशतके तोंडी वापरीत होत्या, तिला आता कायद्याचे संरक्षण आले.

पण येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. कायद्याने नाव राखले, नाव मिळवून देणारीचे काय? परगावची मिरची स्थानिक नावाने विकणाऱ्याला आता अटकाव करता येईल. पण जिच्या अंगणात खरी मिरची वाळते, तिला बाजारात बसावयास जागा मिळेल, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. गोव्यातील बाजारांत बसणाऱ्याकडून 'सोपो' नावाचा कर घेतला जातो, आणि तो गोळा करण्याचा हक्क अनेकदा लिलावाने ठेकेदाराला दिला जात आला आहे. 'लिलाव' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्याची रीत बाजाराने घेतली. ज्याच्या टेंपोत दोनशे पेट्या आहेत त्याला सोपो जड जात नाही. चार बाटल्या शिरका आणि एक घड केळी घेऊन आलेलीला मात्र तो आणि बसचे भाडे वजा जाता किती उरते, याचा हिशेब प्रत्येक शुक्रवारी नव्याने करावा लागतो. हिशेब जुळेनासा झाला की एका शुक्रवारी ती येत नाही. तिच्या रिकाम्या जागी दुपारपर्यंत कोणीतरी प्लॅस्टिकच्या बादल्या मांडतो. गर्दी तेवढीच दिसते, गोंगाट तेवढाच ऐकू येतो, आणि बाजार चालूच आहे असे सर्वांना वाटते.

इतिहासात तहनाम्यांची कलमे लिहिली जातात, राजवटींच्या तारखा लिहिल्या जातात. १५४३, १८७८, १९६१ हे आकडे शाळकरी मुलांनाही सांगता येतात. या सर्व तारखांच्या मधून दर सातव्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन म्हापशाला चालत आलेल्या बायांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. तरीही गोव्याचे घर पावसाळ्यात उपाशी राहिले नाही, याचे श्रेय त्या तारखांपेक्षा या टोपलीकडे अधिक जाते. मापाच्या या गावाने आजवर सर्वांचे माप भरून दिले. आता त्या बाईचे माप पुरते भरले जाते की नाही, हे नगरपालिकेने आणि गिऱ्हाइकाने दोघांनीही पाहावयास हवे. नगरपालिकेने तिला सावलीची हक्काची जागा द्यावी, आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर माडाच्या शेंड्याकडे पाहावे.